चरित्र परिचय : रेव्हरंड नारायण वामन टिळक – विश्वास मागून घेणारे कवी



भंडारा रोड म्हणजे आपलं वरठीचं स्टेशन. नागपूरकडून येणारी गाडी इथे थांबते, मग तुमसर रोड, वैनगंगेचा पूल, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड करत राजनांदगावला पोहोचते. आपल्यापैकी कितीतरी जण या गाडीने रोज अप-डाऊन करतात. खिडकीशी बसून धानाची शेतं पाहतात, डबा खातात, पेपर तपासतात. याच रुळांवरून सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला निघाला होता. त्या एका प्रवासाने त्याचं आयुष्यच बदललं. त्याच्या घरात वादळ आलं आणि मराठी भाषेला एक वेगळा भक्तिसूर मिळाला.

हे कवी म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. लोकमान्य टिळक वेगळे, हे वेगळे. मुलं नेहमी गोंधळतात, म्हणून वर्गात हे आधीच सांगून टाकावं. ज्यांना आपण फुलांमुलांचे कवी म्हणतो, ज्यांची केवढे हे क्रौर्य ही जखमी पक्षिणीची कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली गेली, तेच हे टिळक.

आज त्यांचं चरित्र एका खास प्रश्नाच्या अंगाने पाहूया. माणूस विश्वास ठेवतो तो स्वतःच्या बळावर, की तो विश्वाससुद्धा त्याला मागून घ्यावा लागतो?

बालपण आणि शिक्षण

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक आणि कवितेची आवड असलेली. वडील वामनराव तापट. आई लहानपणीच गेली आणि घराची ऊबच गेली. पोरवयातच घर सोडून नारायण नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृतचा अभ्यास केला. शाळेचं शिक्षण तुटक-तुटक झालं, पण वाचन अफाट आणि पाठांतर जबरदस्त. पुढे ते उत्तम वक्ते झाले, कीर्तन-पुराणही सांगू लागले.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. हीच पुढची लक्ष्मीबाई टिळक, स्मृतिचित्रे लिहिणारी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी मराठीतलं एक अव्वल दर्जाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यांना अक्षरओळख टिळकांनीच करून दिली.

टिळकांचा स्वभाव एका जागी बसणारा नव्हता. आज या गावी, उद्या त्या गावी. शिक्षकी केली, इतर कामं केली. हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. घर चालवणाऱ्या लक्ष्मीबाईंची यात काय तारांबळ उडत असेल, ते त्यांनीच पुढे हसत-हसत लिहून ठेवलं आहे.

नागपूरचे दिवस आणि स्वतःचा धर्म

१८९० च्या आसपास टिळक नागपूरला आले. तिथले धनिक आणि विद्याप्रेमी अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं. धर्मचर्चेसाठी ऋषि नावाचं मासिकही त्यांनी चालवलं. याच काळात, १८९१ मध्ये, मुलगा दत्तूचा जन्म झाला. हाच दत्तू पुढे देवदत्त टिळक म्हणून साहित्यात ओळखला गेला.

बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. आतून मात्र टिळक अस्वस्थ होते. जातिभेद त्यांना पटत नव्हता. देव जर सगळ्यांचा बाप आहे, तर माणसामाणसांत शिवाशीव कशाला? देशाचं भलं व्हायचं तर धर्म शुद्ध झाला पाहिजे, असं त्यांना वाटे. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी हुशार माणूस हमखास करतो. त्यांनी स्वतःच एका नव्या धर्माची तत्त्वं लिहून काढायला घेतली. देव एक, सर्व माणसं त्याची लेकरं, देवावर प्रेम आणि माणसावर प्रेम हाच धर्म, अशा आशयाची ती तत्त्वं होती.

इथे जरा थांबूया. या तत्त्वांत नाव ठेवायला जागा नाही. पण तत्त्व लिहिणं आणि त्याप्रमाणे जगण्याचं बळ मिळणं यात फरक आहे. आपण वर्गाच्या भिंतीवर सुविचार लिहितो, रोज बदलतो. तो लिहिल्याने आपण बदलतोच असं नाही ना! टिळकांचं तेच झालं होतं. वही तयार होती, मन मात्र उपाशीच.

रेल्वेच्या डब्यातली भेट

१८९३ च्या सुमाराची गोष्ट. त्या वेळी राजनांदगाव हे छोटं संस्थान होतं. तिथे नोकरी मिळेल म्हणून टिळक नागपूरहून निघाले. बंगाल नागपूर रेल्वेचे ते सुरुवातीचे दिवस. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा भंडारा जिल्ह्यातच होता. तो १९९९ मध्ये वेगळा झाला. म्हणजे नागपूर सोडल्यावर वाटेतला मोठा पट्टा आपल्याच जिल्ह्याचा.

डब्यात समोर एक गोरा साहेब बसला होता. त्या काळात गोरा माणूस म्हटला की लोक बिचकून दूर सरकत. पण हा माणूस अदबीने वागला. त्याने टिळकांना बसायला जागा दिली आणि गप्पा सुरू केल्या. गप्पा कशावर? संस्कृत काव्यावर! टिळक खूश झाले. मग बोलणं देवाकडे वळलं. पाहुण्याने टिळकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली, ती वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं.

टिळकांना हे भाकीत अगदीच हास्यास्पद वाटलं. पण पुस्तक वाचण्याचा शब्द दिला होता. त्या प्रवाशाचं नावसुद्धा त्यांनी विचारलं नव्हतं. तो अर्नेस्ट वॉर्ड नावाचा अमेरिकन मिशनरी होता, असं पुढे चरित्रकारांनी सांगितलं.

डोंगरावरचं प्रवचन

राजनांदगावला टिळकांनी पुस्तक उघडलं ते नाइलाजाने. सुरुवातीची पानं त्यांना रुचली नाहीत. तरी महत्त्वाच्या जागी खुणा करत पुढे जायचं असं त्यांनी ठरवलं. मग आली मत्तयाच्या शुभवर्तमानातली पाच ते सात ही प्रकरणं, म्हणजे येशूचं डोंगरावरचं प्रवचन. आत्म्याने दीन असलेल्यांना धन्य म्हणणारं, शत्रूवरही प्रीती करायला सांगणारं. इथे टिळक अडकले, पुस्तक खाली ठेववेना. जी तत्त्वं आपण वहीत लिहिली होती, त्यांहून खोल काहीतरी इथे आहे, आणि ते सांगणारा तसाच जगला, असं त्यांना वाटलं.

पण पटणं म्हणजे विश्वास नव्हे, बरं का. पुढची जवळजवळ दोन वर्षं ओढाताणीची गेली. डोकं एक म्हणे, मन दुसरं. आपलं नाव न देता ते ख्रिस्ती नियतकालिकांशी पत्रव्यवहार करत, शंका विचारत. प्रत्येक शंकेला उत्तर मिळालं तरी शेवटची एक पायरी राहतेच. ती तर्काने चढता येत नाही. कारण ती चढायची म्हणजे सगळं सोडायचं होतं: जात, नातलग, मानमरातब, आणि कदाचित बायको-मुलगासुद्धा.

मार्काच्या शुभवर्तमानात नवव्या प्रकरणात एका बापाची गोष्ट आहे. त्याचा मुलगा लहानपणापासून आजारी. शिष्यांना तो बरा करता आला नाही, म्हणून बाप येशूपुढे येतो. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे, असं येशू त्याला सांगतो. तेव्हा तो बाप खोटं बोलत नाही. माझा विश्वास आहे असं तो म्हणतो, आणि त्याच दमात, जिथे तो कमी पडतो तिथे तूच मला मदत कर अशी विनवणी करतो. येशू त्याला परत पाठवत नाही. आधी विश्वास पूर्ण करून ये, मग बघू, असं सांगत नाही. मुलगा बरा होतो.

ही गोष्ट समजली की टिळकांचं चरित्र समजतं. विश्वास ही काही पहिल्या नंबरात पास होणाऱ्यांची मक्तेदारी नाही. आपला विश्वास अपुरा आहे हे कबूल करून तोच देवाकडे मागणं, हीसुद्धा विश्वासाचीच सुरुवात.

बाप्तिस्मा आणि तुटलेलं घर

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. अमेरिकन मराठी मिशनशी त्यांचं नातं जुळलं आणि अहमदनगर ही त्यांची कर्मभूमी झाली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं. लक्ष्मीबाई त्या वेळी नातलगांकडे होत्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी त्यांच्यावर वीज कोसळावी तशी कोसळली. लोकांच्या नजरेत नवरा जिवंत असून नसल्यासारखा. त्या काळच्या समाजात याचा अर्थ काय होता, ते आपल्या घरातल्या वयस्कर बायकांना विचारा. पुढची चार-साडेचार वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. काही काळ लक्ष्मीबाई पंढरपूरला होत्या. टिळक पत्रं पाठवत, कविता पाठवत. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, बायकोवर धर्माची जबरदस्ती केली नाही. पण त्यांच्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनीही मोजली, हे खरंच आहे.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे आल्या. आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या असं मुळीच नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी, कडक सोवळं. टिळकांनी हे सगळं चालू दिलं. हळूहळू लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उभे राहिले. जात देवाने केली की माणसाने? विचार करता-करता एक दिवस त्यांनी ठरवलं की आता कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, कुणाच्याही हातचं जेवायचं. कुणी भाग पाडलं नव्हतं. १९०० मध्ये त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे बघा, एकाच घरात दोन माणसं एकाच ठिकाणी पोहोचली, पण दोन वाटांनी. टिळक पुस्तक वाचून आणि वादळासारखे. लक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून, पाण्याच्या घागरीपासून, अगदी सावकाश. नवऱ्याचा विश्वास बायकोला उसना मिळाला नाही. तिला तो तिचा स्वतःचाच मिळवावा लागला. आणि टिळकांनाही हे शिकावं लागलं की दुसऱ्याच्या मनात विश्वास पेरणं आपल्या हातात नाही. आपण वाट पाहायची, प्रार्थना करायची.

तुकोबांच्या पुलावरून

टिळक ख्रिस्ती झाले, पण मराठी संतांना त्यांनी सोडलं नाही. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशीच त्यांची भावना होती. त्या काळी चर्चमध्ये इंग्रजी चालीवर अवघडलेली भाषांतरित गीतं म्हटली जात. टिळकांनी अभंग, ओवी, भजनाचे छंद आणले. टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तनं केली. ख्रिस्ताला त्यांनी माउली म्हणून हाक मारली. वारकरी विठ्ठलाला विठाई म्हणतो, तसंच हे. उपासना संगीत या मराठी गीतसंग्रहात त्यांची पदं मोठ्या संख्येने आहेत आणि महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमधून ती आजही गायली जातात.

या पदांचा सूर कसा आहे? मी जिंकलो, मला सगळं कळलं, असा नाही. लेकरू आईचा पदर धरून ओढतं, तसा आहे. आपल्या संतांनीही हेच केलं. भक्ती मला जमत नाही, तूच ती करवून घे, असं देवालाच सांगायचं. जे टिळकांनी बायबलमध्ये वाचलं, त्याची ओळख त्यांना मराठी मातीत आधीच झालेली होती.

१९०४ मध्ये त्यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. नगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकवलं. दुष्काळातल्या अनाथ पोरांना घरात आसरा दिला. तरुण बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी घरच्यासारखे राहिले. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात टिळक अग्रभागी होते. १९१२ पासून ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. १९०९ मध्ये त्यांनी ख्रिस्तायन हे येशूच्या जीवनावरचं महाकाव्य सुरू केलं. ते त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही. पुढचे अध्याय लिहिले कुणी? लक्ष्मीबाईंनी! जिला त्यांनी बाराखडी शिकवली, तिनेच त्यांचं महाकाव्य पुढे नेलं. शिक्षक म्हणून यापेक्षा मोठं समाधान कोणतं?

देवाचा दरबार

इतकं सगळं झाल्यावर माणूस निवांत होईल असं वाटतं. पण टिळकांना आपला विश्वास कधी पुरेसा वाटलाच नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडून संन्यास घेतला. साताऱ्याला देवाचा दरबार नावाची मंडळी सुरू केली. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. परदेशी पैशावर अवलंबून नसलेला, या मातीतला ख्रिस्ती समाज त्यांना हवा होता. ते देशभक्तही होते. ख्रिस्ती झालो म्हणजे परका झालो, हे त्यांना मान्य नव्हतं.

तब्येत मात्र साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबार फार वाढला नाही, महाकाव्य अर्धं राहिलं. हिशेबाच्या वहीत पाहिलं तर कितीतरी कामं अपुरीच. पण अपुरेपण देवापुढे ठेवणं हेच ते आयुष्यभर शिकले आणि शिकवत आले.

वर्गात हे चरित्र कसं सांगावं?

आपल्या वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. पालकांच्या मनात शंका येऊ शकते, की हे धर्माचं शिकवणं तर नाही? म्हणून दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, आपण कोणाला कोणत्या धर्माकडे नेत नाही, एका माणसाचं जगणं सांगतो आहोत. कोणता धर्म मानावा किंवा मानू नये, हे ज्याचं त्याने ठरवावं, हा हक्क आपल्या संविधानाने सर्वांना दिला आहे. दोन, टिळकांची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंची गोष्ट गाळू नये. एकाच्या प्रामाणिकपणाची झळ दुसऱ्याला लागते, हे मुलांना कळू द्या.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. वर्गात दोन प्रकारची मुलं असतात. एक, काही न समजताही मान हलवणारी. दुसरी, गुरुजी, थोडं समजलं, पुढचं नाही समजलं, जरा मदत करा, असं सांगणारी. दुसऱ्या प्रकारचं मूल शिकतं, हा आपला रोजचा अनुभव आहे. मार्काच्या गोष्टीतला तो बाप या दुसऱ्या प्रकारचा. टिळकही त्यातलेच. घरी पालकांनीही मुलाला असं म्हणायची मोकळीक द्यावी. मला जमत नाही हे वाक्य हरल्याचं नसतं, कुणाला तरी हाक मारल्याचं असतं.

विद्यार्थ्यांसाठी विचार करायचे प्रश्न

१. स्वतः लिहिलेली तत्त्वं टिळकांना पुरेशी का वाटली नसतील?
२. रेल्वेतल्या प्रवाशाच्या वागण्यातली कोणती गोष्ट तुम्हाला आवडली?
३. लक्ष्मीबाईंच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?
४. आपल्याला एखादी गोष्ट जमत नाही हे तुम्ही कुणाजवळ मोकळेपणाने सांगू शकता?

उपक्रम : भारताच्या रेल्वे नकाशावर नागपूर ते राजनांदगाव मार्ग शोधा. आपल्या जिल्ह्यातली स्टेशनं लिहा आणि गाडी वैनगंगा नदी कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये ओलांडते ते घरच्यांना विचारून नोंदवा.

पुढच्या वेळी वरठीला गाडीत बसलात, की समोरच्या अनोळखी प्रवाशाशी दोन शब्द चांगले बोला. कोणाच्या मनात काय चाललंय, आपल्याला कुठे ठाऊक असतं?